भरल्या पोटी घाट उतरू नये

जेवताना पानावर आडवा हात धरला म्हणजे पुरे, असं चिपळुणात मानतात. घाटमाथ्यावरच्या उंबरठाणात त्याचा अर्थ ‘अजून एक वाढा, पण जरा आग्रह करून’ असा होतो. हर्षदा शिर्केला हे तिसऱ्या पुरणपोळीला कळलं. गाडीच्या बाबतीत कळायला मात्र थोडा उशीर झाला.

ती आणि तिचा नवरा संदेश सकाळीच सावरदऱ्याचा घाट चढून आले होते. त्यांच्या गार्गीनं आणि उंबरठाणच्या शेलारांच्या शंतनूनं पुण्यात एकमेकांना पसंत केलं होतं, आणि आता आईवडिलांनी एकमेकांना पसंत करायचं तेवढं राहिलं होतं. मुलीकडच्यांनी घर बघायला जायची पद्धत दोन हजार एकोणचाळीस सालीही मोडलेली नव्हती. मुलं मात्र शहाणी. दोघंही पुण्यातच थांबली. निघताना गार्गीचा फोन आला होता.

“आई, तिथे तुझं औषधांचं दुकान उघडू नकोस. हे असं का, ते तसं का, जेवणाआधी की जेवणानंतर. ते जे देतील ते घे आणि छान म्हण.”

हर्षदाचं चिपळुणात खरोखरच औषधांचं दुकान होतं. खोक्यातल्या घडीच्या कागदावरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचणारी माणसं जगात थोडी. ती त्यांतली एक. गाडी घेतली तेव्हा गाडीचंही माहितीपुस्तक तिनं असंच वाचून काढलं आणि घाटपरवान्याची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली. संदेश त्याच परीक्षेत नापास झाला होता, कारण प्रत्येक वळणावर त्याचा डावा हात नसलेल्या गिअरकडे जायचा आणि उजव्या हातातलं चाक हलायचं. तेव्हापासून घाटात चाक तिच्या हाती आणि तोंड त्याच्या, अशी वाटणी झाली होती.

तर हर्षदानं दिवसभर छान म्हटलं. घर छान, गोठा छान, गोठ्याच्या छपरावरचे सौरपत्रे छान. शंतनूची आई रोहिणीताई हसून वाढत होत्या, त्याचे वडील जयसिंगराव हसून आग्रह करत होते, आणि तरी हर्षदाला वाटत होतं की सगळ्यांच्या मध्ये एक काच आहे. लग्न कधी, कुठे, मुळात तुम्हाला आमची मुलगी आवडली का, यातला एकही शब्द कुणी काढला नाही. शेवटी ओटी भरली, नमस्कार झाले. हर्षदा चाकामागे बसली आणि समोरच्या पडद्यावरचा आकडा बघून तिचा हात तिथेच थांबला.

शंभर टक्के.

जयसिंगराव खिडकीशी वाकले. “जेवताना तुमच्या गाडीला वायर लावून ठिवली. घरची वीज हाय, सूर्याची. ऐंशीवर गाडी थांबली आन म्हणायली, मर्यादा वलांडायची का? म्हटलं, हिलाबी मालकिणीसारखा संकोच दिसतोय. दाबलं ‘हो’.”

“रिकाम्या पोटी पाठवायचं न्हाई कुणाला,” रोहिणीताई म्हणाल्या. “मग गाडी का असंना.”

ती ऐंशीची मर्यादा हर्षदानं स्वतः लावली होती, विचार करून लावली होती. पण गार्गीचा फोन आठवला.

“छान,” ती म्हणाली, आणि गाडी सुरू केली.

फाटकाबाहेर पडल्यावर संदेशनं विचारलं, “तुझा चेहरा असा का झालाय? फुकट वीज मिळाली.”

“म्हणूनच.”

गावापासून घाटाच्या तोंडापर्यंतचा रस्ता पठारावरून सरळ जातो. हर्षदानं वेग आपोआप धरून ठेवणारं क्रूझ लावलं, पाय पेडलवरून काढला आणि त्याला समजावून सांगू लागली.

पूर्वीच्या गाड्या घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये टाकायच्या. इंजिनच गाडीला मागे ओढून धरायचं. विजेच्या गाडीत ते काम मोटर करते. चढताना बॅटरीतली वीज घेऊन मोटर चाकं फिरवते, आणि उतरताना उलटं होतं, चाकं मोटरला फिरवतात आणि मोटर वीज तयार करते. गाडीच्या घसरणीचा जोर असा विजेत बदलून बॅटरीत जाऊन बसतो आणि गाडी आवरली जाते. हे तंत्र इतकं भरवशाचं झालं की साखरेचे ट्रक सावरदरा उतरून येतात ते बॅटऱ्या भरून, आणि पायथ्याच्या गावाचे रस्त्यावरचे दिवे त्या विजेवर जळतात. मग गाड्या बनवणाऱ्यांनी हिशेब केला: ब्रेक जर क्वचितच लागणार असतील, तर ते जड कशाला? ब्रेकच्या तबकड्या लहान झाल्या, गाड्या हलक्या झाल्या, आणि उतारावर सगळा भार उतारसाथी नावाच्या यंत्रणेवर आला. प्रत्येक वळणाआधी वेग किती हवा हे तिला माहीत असतं, आणि ती मोटरच्या जोरावर गाडी आवरून धरते. माणसानं दोनच कामं करायची. हात चाकावर ठेवायचे आणि पाय ब्रेकच्या वर तयार ठेवायचा.

“मग अडचण काय?” संदेश म्हणाला.

“हंडा काठोकाठ भरलाय. उताराची वीज ओतायची कुठे?”

संदेशनं मान हलवली. त्याला कळलं होतं, पण पटलेलं नव्हतं. “अगं, मग क्रूझवरच जाऊ ना. तीसला लाव. आत्ता बघ कशी शहाण्यासारखी चाललीय.”

“अहो, क्रूझ हे सपाट, मोकळ्या रस्त्यासाठी. ते फक्त सांगितलेला वेग धरून ठेवतं. पुढे वळण आहे की दरी, त्याला काय देणंघेणं? आणि उतारावर वेग आवरायला त्यालाही मोटरच लागते. मोटरला वीज टाकायला जागा लागते.”

“म्हणजे फिरून तिथेच.”

“फिरून तिथेच.”

घाटाच्या तोंडाशी गाडी आपणहून हळू झाली आणि तिच्यातली बाई गोड आवाजात बोलली, “बॅटरी पूर्ण भरलेली आहे. उतारसाथी वेग रोखू शकणार नाही. कृपया घाटात प्रवेश करू नका.”

“कृपया म्हणतेय,” संदेश म्हणाला. “म्हणजे सूचना आहे, हुकूम नाही.”

एरवी हर्षदा हसून परत फिरली असती. पण परत फिरायचं म्हणजे शेलारांच्या फाटकाशी जायचं आणि सांगायचं की तुम्ही प्रेमानं दिलेलं आम्हाला चालत नाही. पहिल्याच भेटीत, मुलीच्या आईनं! म्हणून ज्या बाईनं आयुष्यात कधी गोळी वेळ चुकवून घेतली नाही, तिनं त्या दिवशी सूचना बाजूला ठेवली आणि पायाखालच्या ब्रेकवर भरवसा ठेवून गाडी पहिल्या उतारावर घातली.

उतार लहानच होता, एक वळण आणि मग रस्त्याकडेला गाडी उभी करायची जागा. पण ब्रेक दाबल्याबरोबर चाकांतून खरवडल्यासारखा आवाज आला. न वापरलेल्या तबकड्यांवर गंज धरला होता. मग आवाज गेला आणि वास आला. गरम तव्यावर काही राहून गेलं की येतो तसा. वळण संपेपर्यंत पेडल पायाखाली मघापेक्षा मऊ लागायला लागलं होतं. हर्षदानं गाडी कडेला घेतली, उभी केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

संदेशनं खिडकी उघडून वास बाहेर जाऊ दिला.

“घाटाची उंची सहाशे मीटर,” शेवटी ती म्हणाली. स्वतःला शांत करायची तिची ही रीत होती. “गाडी आणि आपण दोघं मिळून बाराशे किलो. सगळा उतार म्हणजे दोन युनिट वीज. दोन युनिट ऐकायला काही वाटत नाही, पण तेवढ्या उष्णतेत दोन बादल्या पाणी उकळेल. ती सगळी या बशीएवढ्या चार तबकड्यांत कोंबायची. आपण एका वळणाचीच कोंबली.”

“फिरव,” संदेश म्हणाला. “पण शेलारांकडे नको. दोन युनिटच खर्चायची ना? पठारावर चकरा मारू.”

ब्रेक निवल्यावर ती गाडी वर घेऊन आली, आणि चकरा सुरू झाल्या. पठारावर सपाट रस्ता एकच, घाटाच्या तोंडापासून गावाच्या पलीकडच्या बंधाऱ्यापर्यंत, आणि तो शेलारांच्या फाटकासमोरून जात होता. वीज लवकर संपावी म्हणून हर्षदानं भर दुपारी दिवे लावले. संदेशनं एसी पूर्ण सोडला, थंडीसाठी असलेल्या गरम बैठका चालू केल्या आणि वर खिडक्या उघडल्या.

“वरून हिमालय आणि खालून तवा,” तो म्हणाला. “माझं आता पिठलं होणार.”

पहिल्या चकरेला रोहिणीताई फाटकात होत्या. त्यांनी हात हलवला, हर्षदानंही हलवला. काहीतरी विसरलं असेल असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या फाटक उघडायला पुढे आल्या, तोवर गाडी निघून गेली. दुसऱ्या चकरेला त्यांनी हात हलवला नाही. पलीकडे दूधसंकलनाच्या कट्ट्यावर एक गृहस्थ बसले होते, संदेशनं खिडकीतून विचारलं, “काका, इथून अजून लांब जायला सपाट रस्ता आहे का हो?” काकांनी मान हलवून नाही म्हटलं आणि गाडीकडे, दिवसा जळणाऱ्या दिव्यांकडे, बराच वेळ बघत राहिले.

तिसऱ्या चकरेला रोहिणीताई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. कमरेवर हात. माणूस दिसताच गाडी आपणहून थांबली.

“उतरा,” रोहिणीताई म्हणाल्या.

हर्षदा उतरली.

“आवो, चौकशी करायची तर आमच्या तोंडावर करायची. गावात कशापायी हिंडताय? त्या कट्ट्यावरच्या तात्यांनी सांगितलं, पाव्हणे कायतरी इचारत हुते. काय इचारलं? पोरगं पितं का? सासू गांजती का?”

मागून संदेश म्हणाला, “ताई, मी फक्त रस्ता विचारला.”

“एका रस्त्याच्या गावात रस्ता इचारला?”

ही गोष्ट अशी होती की खोटं बोलायलाही काही सुचेना. हर्षदानं गार्गीची मनातल्या मनात माफी मागितली आणि सांगून टाकलं. सगळं. ऐंशीची मर्यादा, भरलेली बॅटरी, गाडीतली बाई, जळका वास. जयसिंगराव गोठ्यातून हात पुसत आले होते. त्यांच्यामागे फाटकात दुधाचा कॅन होता, गळ्यापर्यंत भरलेला. हर्षदानं त्याच्याकडे बोट दाखवलं.

“घाट उतरताना दोन युनिट वीज आपोआप गाडीत येते. यायलाच हवी, तिच्या येण्यानंच गाडी आवरते. या कॅनमध्ये आणखी दोन लिटर ओतलं तर काय होईल?”

“सांडंल.”

“गाडीचं सांडलेलं ब्रेकमध्ये जातं. ते जळतात. म्हणून आम्ही तुम्ही दिलेली वीज रस्त्यावर सांडत होतो. तुम्हाला सांगायला जीभ रेटेना.”

जयसिंगरावांचा चेहरा उतरला. “म्हंजे मी तुम्हास्नी घाटात...”

“तुम्ही नाही. गाडीनं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, ती चूक माझी.”

रोहिणीताईंनी कमरेवरचे हात खाली घेतले. मग त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि पोटापर्यंत गेलं. त्या फाटकाला धरून हसल्या. “पुरणपोळीबी नको हुती ना तिसरी?”

“नको होती.”

“मग बोलायचं की बाई! सकाळधरनं नुसतं छान, छान. म्हशीनं शेपटी मारली तुमच्या साडीवर, तरी छान. मला वाटलं, यांना कायबी पसंत न्हाई, नुसता वेळ काढत्यात.”

“मला मुलीनं ताकीद दिली होती. काही बोलू नकोस म्हणून.”

“आन मला पोरानं. आई, त्या शहरातल्या हायेत, तू जास्त बोलू नको.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मधल्या त्या काचेचं काय झालं कोण जाणे. दोघींपैकी कुणालाच ती पुन्हा दिसली नाही.

“शहाणी कार्टी,” हर्षदा म्हणाली.

“लग्न झालं की बघू त्यांच्याकडं,” रोहिणीताई म्हणाल्या आणि वळून ओरडल्या, “आवो, कडबाकुट्टीची वायर आणा. आपलं आपण परत घेऊ.”

गाडीला बाहेर वीज द्यायची खोबण होतीच. कडबाकुट्टी सुरू झाली, मग दूध थंड करायचं यंत्रही तिलाच जोडलं. ज्वारीचे हिरवे धांडे खटखट कापले जात होते, म्हशी माना वर करून बघत होत्या, आणि पडद्यावरचा आकडा एकेकानं खाली येत होता. जयसिंगराव प्रत्येक आकड्याला मोठ्यानं हाळी देत होते. संदेशनं बाह्या वर करून पेंढ्या उचलायला घेतल्या; गरम बैठकीपेक्षा हे बरं, असं त्याचं म्हणणं.

दोघी विहिणी गोठ्याजवळच्या कट्ट्यावर बसल्या. आवाजामुळे ओरडून बोलावं लागत होतं, आणि ओरडून माणूस फार खोटं बोलू शकत नाही. रोहिणीताईंनी ओरडून सांगितलं की पोरगा पुण्यातच राहणार हे त्यांना अजून पचलेलं नाही. हर्षदानं ओरडून सांगितलं की गार्गीला स्वयंपाकातलं फारसं येत नाही आणि शिकवायला आपल्याला वेळ झाला नाही. “मग शंतनूला येतो की!” रोहिणीताई ओरडल्या. “मीच शिकवलाय!” बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं की त्या गाडी चालवतात, पण पठारावरच. घाटात एकदाही उतरल्या नाहीत. भीती वाटते.

“कशाची?” हर्षदानं विचारलं.

“आपून आवरायचं सोडलं आन गाडीनंबी सोडलं तर?”

“आपण सोडायचंच नाही,” हर्षदा म्हणाली. “ते यंत्र आपल्या मदतीला असतं, आपल्या जागी नाही.”

आकडा अठ्ठ्याऐंशीवर आल्यावर हर्षदानं वायर काढली. दोन युनिट म्हणजे दहाच टक्के, मग जास्तीचे दोन टक्के का, असं संदेशनं विचारलं. वजन वाढणार म्हणून, ती म्हणाली. कारण रोहिणीताई आत जाऊन पिशवी घेऊन आल्या होत्या आणि पुढच्या बाजूचं दार उघडून बसल्या होत्या. तुम्ही आमचं घर बघितलं, आम्ही तुमचं कधी बघायचं, असा त्यांचा सवाल होता. जयसिंगराव धारा काढून सकाळी येणार होते. संदेशची रवानगी मागच्या बाकावर झाली.

घाटाच्या तोंडाशी हर्षदा थांबली. तिनं ब्रेक दोनतीनदा हळू दाबून पाहिले. गंज मघाशीच खरवडून गेला होता, पेडल घट्ट होतं. क्रूझ बंद आहे हे बघितलं. उतार सुरू व्हायच्या आधीच उतारसाथी चालू केला, आणि पडद्यावर हिरवा दिवा लागला.

“उतारसाथी तयार आहे. हात चाकावर ठेवा.”

“आता कशी बोलली,” संदेश मागून म्हणाला.

गाडी उतरू लागली. जिथे मघाशी जळका वास आला होता ते वळण ती अशी घेत गेली, जणू कुणी मागून पदर धरून चालवतंय. मोटरची बारीक गुणगुण येत होती. हर्षदाचा पाय पेडलला न टेकता त्याच्या वर होता, नजर रस्त्यावर. डावीकडे दरी होती, दरीच्या तळाशी कोकणाची हिरवी शेतं आणि लांबवर नदीची चकाकती रेघ. रोहिणीताईंनी पहिली दोन वळणं डोळे मिटून काढली. तिसऱ्याला एक उघडला. पाचव्यापर्यंत त्या पडद्यावरचे टक्के वाचायला लागल्या होत्या.

“एकोणनव्वद झालं! आवो, खरंच भरतीय की ही.”

एका लांब उताराच्या मध्यावर त्यांनी टक्के वाचणं सोडलं. मग समोर बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “विहीणबाई, एक इचारते. आता खरं सांगायचं. आमची माणसं पसंत पडली का?”

समोर सावरदऱ्यातलं सगळ्यात मोठं वळण आलं होतं, आणि खालून एक बस चढत होती.

हर्षदानं चाक घट्ट धरलं आणि नजर बसवर ठेवली.

“सांग ना!” मागून संदेश पुढे सरसावला. “ताई, तिला म्हणायचंय की...”

“तुम्ही गप्प बसा,” दोघी एकदम म्हणाल्या.

गाडी हळू झाली, कडेला सरली. बस हॉर्न देऊन बाजूनं गेली. चाक हर्षदाच्या हातात हळूहळू फिरलं, मग सरळ झालं. पुढचा रस्ता दिसला, मोकळा.

“पसंत पडली,” ती म्हणाली. “फार पसंत पडली. पण यापुढे काही पटलं नाही तर तोंडावर सांगायचं. तुम्हीही आणि मीही.”

रोहिणीताईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “हे आत्ता तुम्ही कुठं तोंडावर सांगितलंत? रस्त्याकडं बघून सांगितलंत.”

हर्षदाला हसू आवरेना. पण मान तिनं वळवली नाही. पुढे अजून वळणं होती.